येरूळची नोट : भारतीय चलनावरील वारशाचे एक वाचन

कन्नडच्या बसस्थानकासमोर माझे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान आहे. २०१९ च्या पावसाळ्यात एक आजी सातबाराच्या प्रती काढायला आल्या होत्या. उरलेल्या पैशांत मी त्यांना वीस रुपयांची नवी, हिरवट पिवळी नोट दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही चालंल का रं?"

"चालते, आजी. मागं बघा, वेरूळचं लेणं आहे."

आजींचे गाव वेरूळपासून फार लांब नव्हते. त्यांनी नोट डोळ्यांजवळ नेली, चित्राखालच्या अक्षरांवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "येरूळ कुठं लिवलंय?"

लिहिलेले नव्हतेच. चित्राची ओळख हिंदीत आणि इंग्रजीत आहे आणि दोन्हीकडे नाव 'एलोरा' असे आहे. शेजारच्या पंधरा भाषांच्या पट्टीत आठव्या ओळीवर मराठी आहे. तिथे 'वीस रुपये' छापलेले आहे. किंमत मराठीत आहे, गाव नाही. त्या वेळी मला नोटा जमवायला लागून वीसेक वर्षे झाली होती आणि हा प्रश्न मला स्वतःहून पडला नव्हता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर दुकानात बसलो. जे काही कळते ते ग्रंथालयातल्या पुस्तकांतून, जुन्या नोटांच्या व्यापाऱ्यांशी घातलेल्या वादांतून आणि गल्ल्यातून. त्यामुळे सुरुवात आमच्याच छंदावर टीका करून करतो, म्हणजे पुढे इतरांवर करायला मोकळा.

नोटा जमवणारा माणूस नोटेची पुढची बाजू पाहतो. गव्हर्नरची सही कुणाची, क्रमांकाच्या पट्टीत फिकट छापलेले इन्सेट अक्षर कोणते, छपाईचे साल काय, क्रमांकात तारा आहे का. (छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी तारा असलेली नोट गड्डीत घालायची पद्धत २००६ पासून सुरू झाली.) शेवटी ७८६ असेल तर भाव वेगळा, सहाही आकडे सारखे असतील तर आणखी वेगळा. एकाच वीसच्या नोटेचे शक्तिकांत दास यांच्या सहीचे नमुने, संजय मल्होत्रा यांच्या सहीचे नमुने, प्रत्येक इन्सेट अक्षराची एकेक प्रत असा अल्बम भरत जातो. मागचे कैलास लेणे मात्र पानागणिक तेच असते, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. रेझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला यांच्या संदर्भग्रंथाशिवाय माझ्यासारख्याला एक पाऊल टाकता आले नसते, हे कृतज्ञतेने सांगतो. पण आम्ही अशा ग्रंथांकडून शिकलो ते सह्या आणि साले मोजायला. मागच्या चित्रातला फरक आम्हाला दिसतो तो भावात फरक पडला तरच. १९७५ च्या पन्नासच्या नोटेवर संसद भवन आले तेव्हा काठी होती आणि तिच्यावर झेंडा नव्हता. पुढच्या नोटांवर झेंडा आला. बिनझेंड्याची नोट महाग, म्हणून ती सगळ्यांना तोंडपाठ. झेंडा का नव्हता आणि नंतर का आला, हे मी अनेक संग्राहकांना विचारले. बहुतेकांनी मला भाव सांगितला.

मी स्वतःही असाच होतो. २०१९ नंतर हळूहळू माझे ७८६ वाले सगळे नमुने विकून टाकले आणि अल्बम पुन्हा लावला, या वेळी उलटा. प्रत्येक पानावर नोटेची मागची बाजू वर. असे लावल्यावर एक गोष्ट आपोआप दिसू लागली.

सत्तरच्या दशकातल्या नोटा पाहा. पाचाच्या नोटेवर शेतात ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी आहे. दोनाच्या नोटेवर आर्यभट्ट उपग्रह आहे. शंभराच्या नोटेवर हिराकुडचे धरण. वीसच्या नोटेवर कोणार्कचे चक्र आहे खरे, पण ते धरण, ट्रॅक्टर आणि उपग्रह यांच्या शेजारी बसलेले आहे, देश जे करत होता त्याच्या सोबतीला. १९९६ पासून आलेल्या गांधी मालिकेत दहाच्या नोटेवर वाघ, हत्ती, गेंडा, वीसच्या नोटेवर अंदमानची माडांची किनार, शंभरावर हिमालय आणि पाचशेवर दांडीयात्रा. पुढे आलेल्या हजाराच्या नोटेवर कापणी करणारी बाईसुद्धा होती. आणि २०१६ नंतरच्या मालिकेत? दहावर कोणार्कचे चक्र (पन्नास वर्षांत चक्र वीसवरून दहावर उतरले, महागाई म्हणतात ती हीच), वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरावर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. दोन हजारांच्या नोटेवर मंगळयान होते, पण ती नोट मागे घेण्याची घोषणा १९ मे २०२३ रोजी झाली. उरल्या त्या सहा वास्तू. शेतकरी गेला, धरण गेले, कापणी करणारी बाई गेली. गांधीजी सोडले तर या मालिकेच्या मुख्य चित्रांत माणूस नाही.

देश काय करतो हे सांगणारी नोट, देशाला काय मिळाले आहे हे सांगू लागली. या बदलाची चर्चा व्हायला हवी होती. आम्ही चर्चा केली ती नोटांच्या रंगांची आणि एटीएमच्या खणात त्या बसतात की नाही याची.

आता या सहा वास्तूंची निवड पाहू. दिल्ली, ओडिशा, गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश, महाराष्ट्र. प्रदेशांचा समतोल साधला आहे, धर्मांचाही काही प्रमाणात. पण या यादीला आणखी एक धागा आहे. वेरूळ १९८३, कोणार्क १९८४, हंपी १९८६, सांची १९८९, लाल किल्ला २००७, राणी की वाव २०१४. ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाल्याची साले आहेत. सहाच्या सहा त्या यादीतल्या. म्हणजे राष्ट्राचा वारसा कोणता, या प्रश्नाचे तयार उत्तर हाताशी होते. ते उत्तर चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. या सहांपैकी एकही वास्तू अपात्र नाही. पण ज्या चित्राचा देशाला धक्का बसेल, 'हेही आपले आहे?' असे कुणी विचारील, असे चित्र या यादीतून निघणे अवघड.

पूर्वी असे नव्हते. १९५४ साली प्रजासत्ताकाने पाच हजारांच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया छापला. जॉर्ज बादशहाच्या १९११ च्या आगमनाची खूण म्हणून बांधलेली कमान! स्वातंत्र्याला सात वर्षे झालेली. मला यात एक निर्धास्तपणा दिसतो. आणि त्याच वर्षीच्या हजाराच्या नोटेवर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर होते. त्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजे भोसले यांनी कोरवून घेतलेला मराठीतला प्रचंड शिलालेख आहे, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा. चोळांचे मंदिर, तमिळ मुलूख, मराठी लेख. हजाराची नोट १९५४ साली किती जणांच्या हातात पडली असेल, हा प्रश्न वेगळा. १९७८ च्या जानेवारीत ती रद्द झाली तेव्हा सामान्य माणसाला तिचे चित्र काय होते हेसुद्धा माहीत नव्हते.

यानंतर प्रत्यक्ष चित्रांकडे वळतो. मी काय केले, तर प्रत्येक नोटेच्या शेजारी त्या वास्तूची जुनी छायाचित्रे ठेवून पाहिली. पुस्तकांतून मिळतील तेवढी.

हंपीच्या विठ्ठल मंदिरातला रथ घ्या. रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात चित्राचे वर्णन 'हंपी विथ चॅरिअट' असे आहे, जणू पुरी विथ भाजी. हा रथ म्हणजे मुळात गरुडाचे छोटे देऊळ. अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ साली काढलेल्या छायाचित्रात त्याच्यावर विटांचे शिखर दिसते. ते आज नाही. एकोणिसाव्या शतकात ते गेले. रथाला जोडलेले हत्तीही मूळचे नाहीत, त्या जागी घोडे होते आणि त्यांचे अवशेष मागे अजून दिसतात. आपण खिशात बाळगतो तो विजयनगरचा रथ नव्हे. पडझड, डागडुजी आणि हलवाहलव होऊन आजवर पोचलेला रथ आहे. सांचीचेही तसेच. १८१८ मध्ये इंग्रज अधिकाऱ्याला स्तूप दिसला तेव्हा तो बऱ्यापैकी उभा होता; १८२२ मध्ये खजिन्याच्या आशेने तो फोडला गेला; आज दिसणारा घाट १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी केलेल्या दुरुस्तीचा आहे. जतनाला पैसा दिला तो भोपाळच्या बेगमांनी. बौद्ध स्तूप, इंग्रज पुरातत्त्वज्ञ, मुसलमान राण्या. दोनशेच्या नोटेवर यातले काही मावणार नाही, हे मलाही कळते. पण वारसा म्हणजे तयार सापडलेली वस्तू, अशी समजूत या स्वच्छ रेषांच्या चित्रांतून पक्की होते. तो कुणीतरी मोडलेला, कुणीतरी सावरलेला असतो, हे त्यातून निसटते.

सर्वात जास्त अन्याय झाला आहे तो वेरूळवर आणि पाटणच्या वावेवर, असे माझे मत आहे. कारण या दोन्ही वास्तू वरून खाली जाणाऱ्या आहेत. राणी उदयमतीची वाव म्हणजे जमिनीत सात मजले उतरत जाणारी विहीर. ती सरस्वती नदीच्या गाळाने भरून गेली होती आणि उपसून काढावी लागली. कैलास लेणे तर डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले. आधी शिखर, शेवटी पाया. तिथे बांधलेले काहीच नाही, सगळे काढून टाकलेले आहे. हे समजायचे तर डोंगराच्या वरच्या कडेला जाऊन खाली पाहावे लागते. नोटेवर ते एक उभे देऊळ होते, इतर देवळांसारखे. शिवाय ओळख अनेकवचनी, लेणी, आणि चित्र एकाच लेण्याचे. वेरूळला चौतीस लेणी आहेत : पहिली बारा बौद्ध, मग सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. तीन धर्मांनी एकाच कड्यात शेजार केला ही वेरूळची खरी ओळख, आणि नेमकी तीच सोळाव्या लेण्याच्या मागे झाकली गेली.

वरून खाली कोरण्याची ही गोष्ट आमच्या भागात लोक कहाणीसारखी सांगतात. राणीने नवस केला की देवळाचा कळस दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही. कारागीर हतबल झाले. मग पैठणचा कोकस नावाचा शिल्पी आला आणि त्याने कळसापासूनच काम सुरू केले, म्हणजे राणीला लगेच जेवता आले. हिशेबाने पाहिले तर कहाणीच, पण वास्तूचे तंत्र तिच्यात अचूक सापडते. नोटेच्या चित्रकाराला ही कहाणी कुणी सांगितली असती तर त्याने कोन वेगळा निवडला असता, असे मला वाटत राहते.

नावाबद्दल मात्र मला माझा राग आवरावा लागला. आजींच्या प्रश्नानंतर मी ठरवून टाकले होते की 'एलोरा' हा साहेबांनी केलेला अपभ्रंश आणि सरकारने तो तसाच उचलला. मग बडोदे ताम्रपटाचा उल्लेख वाचनात आला. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्काच्या या नवव्या शतकातल्या ताम्रपटात, कृष्णराजाने करवलेल्या आणि देवांनाही थक्क करणाऱ्या मंदिराचे वर्णन आहे आणि गावाचे नाव आहे 'एलापुर'. म्हणजे एलोराचा 'ए' साहेबाच्या आधी हजार वर्षे तिथे होता. वेरूळ, येरूळ, एलोरा ही एकाच नावाची पोरे. माझा आक्षेप त्यामुळे संपला नाही, बारीक झाला. शंभराच्या नोटेवर 'वाव' हा गुजरातचा शब्द तसाच ठेवला, 'सीढ़ीदार कुआँ' केला नाही, हे चांगलेच झाले. मग वीसच्या नोटेवर जिवंत वापरातले नाव का नको? तिथे राहणारी माणसे आजही वेरूळ म्हणतात, एसटीच्या पाटीवर वेरूळ आहे, लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या तिथल्या मुक्कामाच्या आठवणी आहेत, मालोजीराजे भोसले तिथलेच. पर्यटकाला सोयीचे ते नाव नोटेवर आणि रहिवाशाचे नाव एसटीवर, ही वाटणी मला पटत नाही.

इतर देशांनी काय केले, हे थोडक्यात. युरोची नोट २००२ साली वापरात आली तेव्हा रॉबर्ट कॅलिना या चित्रकाराने काढलेले पूल आणि कमानी काल्पनिक होत्या, कारण खरा पूल छापला तर तो एकाच देशाचा होतो. (नंतर नेदरलँड्समधल्या स्पायकेनिसे गावाने ते सगळे पूल खरोखर बांधले.) बांगलादेशाने जून २०२५ मध्ये शेख मुजीब यांचे चित्र नसलेल्या नोटा आणल्या. त्यातल्या वीस टक्यांवर एका बाजूला दिनाजपूरचे कांतजीउ मंदिर आणि दुसऱ्या बाजूला पहाडपूरचा बौद्ध विहार आहे. चेहरा वादाचा झाला की राष्ट्रे दगडाकडे वळतात. दगड कुठल्या पक्षाचा नसतो, निदान छापताना तरी. मला सर्वात आवडते ती श्रीलंकेची २०११ मध्ये आलेली मालिका. तिच्या मागच्या बाजूंवर नर्तक आणि ढोलवादक आहेत, वेगवेगळ्या नृत्यपरंपरांचे. नोट उभी धरून पाहायची. घामाघूम होऊन नाचणारा माणूस हाही वारसा असतो, हे तिथल्या मध्यवर्ती बँकेला सुचले.

माझ्या या साऱ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप आहे. नोट हे पाठ्यपुस्तक नव्हे. तिने खोटी नोट ओळखू यावी, मळली तरी वाचता यावी, अंध माणसाला स्पर्शाने कळावी. बारीक कोरीवकाम असलेली वास्तू नकलेला अवघड जाते, हाही निवडीचा भाग असू शकतो. वीसच्या नोटेचा आकार १२९ बाय ६३ मिलिमीटर. यात चौतीस लेणी कुठून आणणार? मान्य. पण त्याच बाजूला स्वच्छ भारताचा चष्मा आणि घोषवाक्य यांना जागा निघाली. जागा निघते, काढायची ठरवली तर.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या पोरांनी मला विचारले, "काका, आता गडाची नोट येणार ना?" यादीचा नियम लावला तर येऊही शकेल. आनंदच होईल. पण मला आत्ताच ते चित्र दिसते : एक दरवाजा, एक बुरूज, मागे निरभ्र आकाश. गडाचा मेटकरी नाही, नाईकवाडी नाही, गवळवाड्यातून डोक्यावर दूध घेऊन वर चढणारी बाई नाही.

दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या नोटांच्या प्रदर्शनात मी माझा उलटा अल्बम ठेवायला नेला. वीसच्या नोटेची चौदा पाने होती आणि सगळ्या वापरलेल्या नोटा. एकीवर तेलाचा डाग, एकीला हळद, एक पावसात भिजून फिकी झालेली, एकीची घडी बरोबर कैलासच्या मधोमध पडून चित्राचे दोन तुकडे झालेले. प्रत्येकीखाली ती कुठून आली ते लिहिले होते : दूध डेअरी, आठवडी बाजार, वेरूळच्या पार्किंगचा पोऱ्या, घृष्णेश्वराच्या बाहेरची फुलवाली. आयोजकांनी नम्रपणे सांगितले की मळक्या नोटा मांडता येत नाहीत, कोऱ्या आणा. मी म्हणालो, कोऱ्या नोटेवरचे वेरूळ अजून कुणी पाहिलेले नाही. त्यांना ते विनोदाने घेतल्यासारखे वाटले. अल्बम परत आणला.

त्या आजी नंतरही येत राहिल्या. सुटे पैसे परत घेताना म्हणायच्या, "येरूळची दे." त्यांचे ऐकून आमच्या ओळीतला चहावालाही वीसच्या नोटेला येरूळ म्हणू लागला; "दोन येरूळ आन् एक दहा" असा हिशेब मी माझ्या कानांनी ऐकला आहे. तो शब्द दुसऱ्या गल्लीत गेला की नाही, याचा शोध मी अजून घेतलेला नाही.

अल्बमचे शेवटचे पान रिकामे आहे. तिथे १९५४ ची तंजावरची हजाराची नोट हवी आहे, आणि ती मला परवडत नाही. दुकान झेरॉक्सचे असले तरी नोटेची झेरॉक्स काढणे कायद्यात बसत नाही. म्हणून त्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : बृहदीश्वर, तंजावर, भिंतीवर मराठी लेख, नोटेवर दिसतो का ते पाहणे.